बगळ्याची जर्सी

तारीख ११, सोमवार

आज माझ्या दारात इतके बूट पडलेत की दार पुरतं उघडतही नाही आणि लागतही नाही. शेवटी तसंच ठेवलं. किती दिवसांनी!

आनंद झालाय म्हणून लिहायला बसले आणि लिहिताना लाज वाटतेय. कारण ही सगळी माणसं माझ्याकडे आलीत ती बगळा गेला म्हणून.

बगळा म्हणजे आपला फुटबॉलवाला. लांबच लांब पाय, मान पुढे काढलेली, आणि फ्री किक मारायच्या आधी एक पाय उचलून क्षणभर उभा राहायचा, त्यावरून लोकांनी नाव पाडलं. खेळणं सोडून बरीच वर्षं झाली होती. काल सकाळी घरातून निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला तो तसाच आडवा झाला. काही आजार नाही, काही नाही. बातमी ऐकून मी रडले. खोटं नाही. पण दुपारी दारावर थाप पडली आणि समोर नात उभी, पाठीवर तो अजस्र ढोल, मागे तिची सगळी टोळी. माझं रडू कुठल्या कुठे पळालं.

नात बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी स्टेडियमच्या दक्षिण स्टँडात ढोल बडवते. मी तिला अजून छकुली म्हणते, आणि ती टोळीसमोर लाल होते. "आजी," म्हणाली, "तुझं घर स्टेडियमला सगळ्यांत जवळ. गुरुवारी अंत्यदर्शन आहे. तोवर इथे पडलो तर चालेल?"

चालेल काय विचारते! मागच्या खेपेला आली तेव्हा खिडकीतल्या कुंडीत कळी होती. आता कुंडीसुद्धा राहिली नाही.

त्यांचा एक पुढारी आहे. हातात सदा तो बॅटरीवर चालणारा कर्णा, म्हणून मी त्याचं नाव भोंगा ठेवलं. कर्णा खाली ठेवला तरी तो तसाच बोलतो. "आजी, चहा आहे का?" असं ओरडला की शेजारच्या बाईने तिकडून सांगितलं, आहे म्हणून.

संध्याकाळी पोरांनी माझ्या जुन्या चादरी जोडून फरशीवर पसरल्या आणि निळ्या रंगाने मोठमोठी अक्षरं काढली. डबा कलंडला, रंग चादरीतून खाली उतरला. पोरं घाबरली. मी म्हटलं, राहू दे रे, मी पुसते नंतर. पुसणार नाहीये. हे गेले की तेवढंच राहील, कुणी आलं होतं याची खूण.

तारीख १२, मंगळवार

आज घरात जर्सी आली. पोरं उठून उभी राहिली, म्हणून मीपण राहिले.

टोळीतल्या सुताराने केलेली लाकडी पेटी आहे, आत मऊ कापड. जर्सी दर वर्षी एकेका घरी राहते आणि वर्षातून एकदाच उघडतात, ज्या दिवशी फायनल जिंकली त्या दिवशी. यंदा ती नातीच्या घरी होती. म्हणजे बघा, केवढा विश्वास पोरीवर!

त्या फायनलला बगळ्याची भुवई फुटली होती. बाहेर ये म्हणून ओरडत होते, हा आला नाही. डोळ्यात रक्त उतरत असताना एक पाय उचलून उभा राहिला आणि गोल मारला. मग अंगातली जर्सी काढून कुंपणावरून लोकांत भिरकावली. गुरुवारी ती त्याच्या छातीवर ठेवायची आहे. त्याच्याबरोबरच जाईल.

पण त्यात एक भानगड आहे. समोरच्या उत्तर स्टँडवाल्यांकडेही एक जर्सी आहे आणि ते म्हणतात खरी आमची. काल पुलावर याच कारणावरून मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. भोंगा म्हणाला, "उद्या-परवा सगळ्यांना कळेल खरी कुठली ते." डोळे लाल होते त्याचे. पोरांना झोप नाही.

पेटी उघडून नात म्हणाली, "आजी, खांद्याची शिवण उसवलीय. दोन टाके घाल. दुसरं काही करू नकोस हं."

काळजी करते पोर माझी. दमू नये म्हातारी, म्हणून.

मग सगळे स्टेडियमच्या गेटवर फुलं लावायला गेले आणि मी खिडकीशी बसून जर्सी हातात घेतली. अगंबाई! कॉलरपासून पोटापर्यंत वाळून काळं पडलेलं रक्त. पापुद्र्यासारखं. कापड चांगलं जाड सुती, आताच्या त्या चकचकीत कापडासारखं नाही. आणि हे त्या बिचाऱ्याच्या अंगावर घालणार? सगळ्या जगासमोर? त्याची आई अजून आहे म्हणतात. तिने शेवटचं बघायचं ते हे?

माझा जन्म हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेला. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, पण गाठोड्यांना चिठ्ठ्या लावून लावून अक्षर टिकलं आणि रक्त काढून काढून हात तयार झाला. रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही, ते कायमचं बसतं. थंड पाणी, मीठ, साबणाची वडी आणि दम.

दोन टाके घातले. मग मिठाचा डबा फळीवरून खाली काढला.

तारीख १३, बुधवार, दुपार

निघाला! डाग हट्टी होता, पण मी त्याच्याहून हट्टी. रात्रभर बादलीत भिजत होता, ती बादली माझ्या पलंगाखाली, कुणाला पत्ता नाही. पहाटे पोरं घोरत होती तेव्हा मोरीत जाऊन पुन्हा मीठ चोळलं. पाणी आधी काळं, मग तांबूस, मग गुलाबी, मग नितळ. शेवटचं गुलाबी पाणी ओतताना उगीच कसंतरी झालं. पाणी जाईपर्यंत जाळीकडे बघत बसले. पण ते असो.

कॉलरच्या आत, अगदी रक्ताच्या पापुद्र्याखाली, हिरव्या दोऱ्याची बारीक फुली निघाली. वेडीवाकडी. म्हटलं कुणी अडाण्याने टाका घातलाय, उपटून टाकावा. कात्रीपण लावली होती. मग वाटलं, असू दे, कुणाचा तरी हात लागलाय.

मागच्या दोरीवर चादरीच्या आड वाळवली, इस्त्री केली, घडी घालून पेटीत ठेवली. आता पांढरी कशी, बगळ्याच्या पिसासारखी. उद्या झाकण उघडतील आणि छकुली म्हणेल, आजी! तिचा चेहरा बघायचाय मला.

बुधवार, संध्याकाळ

घाईत लिहितेय. अक्षर लागणार नाही.

दुपारी टीव्हीवाली बाई आली होती. पेटी उघडून दाखवा म्हणत होती. नात पेटीवर हात ठेवून बसली. "नाही. ही फक्त त्याच्यासमोर उघडायची."

मग बाई भोंग्याला म्हणाली, "तुमचीच खरी, हे कशावरून?"

भोंगा म्हणाला, "बाई, आमच्या जर्सीवर त्याचं रक्त आहे. कॉलरपासून पोटापर्यंत. त्या दिवशीच्या फोटोत जसं आहे तसंच, थेंबाला थेंब. इतकी वर्षं आम्ही तिला पाण्याचा हात लावला नाही. हातांचा घाम पुसून मग पेटी उघडतो आम्ही. उद्या अख्खं शहर ते रक्त बघायला येणार आहे."

आणि पोरं रडायला लागली. तो दांडगा सुतारसुद्धा.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे कुणीतरी माझ्या हातातून घेतला. मी खाली बघितलं तर पायाशी तो निळ्या रंगाचा डाग. तो मी का ठेवला? मला कुणी म्हटलं असतं, आजी, तुमची फरशी लख्ख करून दिली, तर मी काय केलं असतं?

देवा, काय करून बसले मी.

एवढ्यात खळकन आवाज. स्वयंपाकघराची काच फोडून दगड आत आला, कागद गुंडाळलेला. कागदावर लिहिलेलं, "खोटारडे". नातीने काचा गोळा केल्या. म्हणाली, "घाबरू नकोस आजी. उद्या झाकण उघडलं की गप्प बसतील सगळे."

मी मोरीत जाऊन दार लावलं आणि सुईने बोट टोचून बघितलं. एवढासा थेंब. म्हातारीच्या अंगात असून असून किती असणार. आणि ते माझं असेल, त्याचं नाही.

सांगायला हवं. सांगितलं तर ती परत या घरात येणार नाही. नाही सांगितलं तर उद्या त्या गर्दीसमोर झाकण उघडणार तीच.

तारीख १४, गुरुवार, सकाळ

नात आंघोळीला गेलीय. बाकीचे खाली गाडीला फुलं बांधतायत. ती बाहेर आली की सांगणार. पाण्याचा आवाज थांबला.

तारीख १५, शुक्रवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं लिहिते.

ती केस पुसत बाहेर आली. मी म्हटलं, "छकुले, मी जर्सी धुतली."

"कुणाची?"

मी पेटीकडे बघितलं.

तिने झाकण उघडलं. जर्सी बाहेर काढली नाही, नुसता वर हात ठेवला, ताप बघतात तसा.

"इस्त्री पण केलीस," ती म्हणाली.

"कॉलरला थोडी खळ." म्हटलं आता लपवायचं कशाला.

"आजी, मी म्हटलं होतं ना, दुसरं काही करू नकोस?"

"मला वाटलं, मी दमेन म्हणून म्हणतेस."

तेव्हा ती खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

भोंगा वर आला. "चला, गाडी…" म्हणाला आणि त्याला पेटीतलं पांढरं दिसलं.

"मी धुतली," नात म्हणाली.

"खोटं बोलतेय," मी म्हटलं. "मी धुतली. हिला आत्ता कळलं."

तो हळू बोलला. माझ्या घरात पहिल्यांदाच हळू बोलला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "खाली हजारो माणसं आहेत. मी त्यांना काय दाखवू? फडकं?"

सुतार म्हणाला, "पेटी बंदच ठेवू या."

"उत्तरवाले बंद ठेवू देतील?" भोंगा भिंतीला टेकला. मग म्हणाला, "कोपऱ्यावर खाटीक आहे. कुणाला काय कळतंय…"

"त्याच्या अंगावर बकऱ्याचं रक्त घालशील?" नात म्हणाली. "तू? घाल. ही घे पेटी."

त्याने पेटीला हात लावला नाही. नातीने ती उचलली. "ठेवायला माझ्याकडे होती. उघडीन मी. आजी, तू घरीच थांब."

"आजी येणार," मी म्हटलं, आणि चपला शोधायला लागले. त्या बुटांच्या ढिगात सापडेनात. घरातल्या सपाता घालूनच गेले.

मैदानात माणूस मावत नव्हता. मधोमध त्याला ठेवलं होतं. टेबल पायांना पुरलं नाही म्हणून दुसरं टेबल जोडलेलं. बाजूला खुर्चीत त्याची आई, चिमणीएवढी बाई, पांढरे केस, मांडीवर हात.

उत्तरवाले आमच्या आधी पोचलेले. त्यांचा पुढारी जर्सी दोन्ही हातांनी उंच धरून उभा, काळा डाग लांबून दिसत होता. मागचे ओरडत होते, "उघडा! उघडा!"

नातीने पेटी खाली ठेवली, झाकण काढलं आणि जर्सी धरून उभी राहिली. उन्हात इतकी पांढरी दिसली की डोळ्यांना त्रास झाला.

मग कुणीतरी शिट्टी मारली. मग एकजण, "चोर!" मग सगळेच. "विकली! खरी विकली!" एक बाटली आली ती सुताराच्या खांद्याला लागली. ढकलाढकलीत उत्तरेकडचे पुढे सरकले. आमचेही काहीजण नातीकडे बघत होते, आणि त्यांची नजर मला आवडली नाही. आदल्या दिवशी माझ्या हातचा चहा प्यायलेली पोरं ही. भोंगा मात्र नुसता बघत राहिला नाही. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, पाठ तिच्याकडे करून, कर्णा छातीशी धरून.

मी सरळ त्या आईकडे गेले. कुणी अडवलं नाही. सपाता घातलेल्या म्हातारीला कोण अडवतो.

"बाई," म्हटलं, "ती मी धुतली. मला माहीत नव्हतं. या पोरीचं काही चुकलं नाही. मारायचं तर मला मारू दे त्यांना."

तिने वर बघितलं. "काय लावलंत?"

"मीठ. थंड पाणी."

"मीपण मीठच लावायचे," ती म्हणाली. "सारखं पडायचा हा."

तिने हात पुढे केला. नातीने जर्सी दिली. बाईने वास घेतला. मग कॉलर उलटी केली आणि आतून बोट फिरवत गेली, दिसत नसावं नीट. बोट थांबलं.

"हे माझं," ती म्हणाली.

कुणाला कळेना. ती म्हणाली, "लहान होता तेव्हा मुलांच्या जर्सीत याची हरवायची. म्हणून फुली घालायचे, हिरव्या दोऱ्याची. मोठा झाला, क्लबवाले जर्सी द्यायला लागले, तरी घालायचे. चिडायचा. म्हणायचा, आई, पोरं हसतात. पण उसवली कधी नाही त्याने."

मग तिने उत्तरवाल्यांच्या पुढाऱ्याकडे हात केला. त्याने जर्सी दिली. तिची कॉलरपण तिने उलटी केली, बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. आणि घडी घालून त्याला परत दिली. "ही तू ठेव हं, बाळा," म्हणाली. बस, एवढंच. तो पाठमोरा झाला आणि ती जर्सी कोटाच्या आत सारली.

आवाज जरा खाली आला होता. बाई माझ्याशीच बोलत होती, शेजारणीशी बोलतात तशी. "त्या दिवशी घरी आला तो कोट पांघरून, आत उघडाच. जर्सी कुठंय म्हटलं, तर म्हणाला, लोकांना दिली. मी म्हटलं, अरे, धुऊन तरी द्यायची!"

भोंग्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसू का रडू कोण जाणे. त्याने कर्णा तोंडाशी नेला, पण शब्द फुटेना. दुसऱ्यांदा जमलं. "खरी आहे! त्याच्या आईने ओळखली!"

आईने आणि मी मिळून ती त्याच्या छातीवर ठेवली. कॉलर मी नीट केली. सवय.

मग नातीने ढोलावर एक टोला दिला आणि सगळ्या मैदानाने एक पाय उचलला. दक्षिणेने, उत्तरेने, पोलिसांनीसुद्धा. एवढी माणसं एका पायावर, आणि श्वासाचा आवाज नाही. मला झोक जायला लागला म्हणून मी शेजारचा खांदा धरला. भोंग्याचा होता. त्याने झटकला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

बाहेर पडताना कुणीतरी मागून म्हणालं, "हीच ती. हिनेच रक्त पुसलं." मी वळले नाही. खरंच आहे ते. ते रक्त आता कुणालाच बघायला मिळणार नाही. आईला बरं वाटलं म्हणून सगळ्यांचं दुःख फिटत नाही.

नात संध्याकाळीच गेली. सकाळी बस आहे म्हणाली. ढोल घेऊन गेली. दारात म्हणाली, "येते." कधी ते म्हणाली नाही, मी विचारलं नाही. सुतार तेवढा थांबला, फुटलेल्या काचेच्या जागी फळी ठोकून गेला.

तारीख १८, सोमवार

काही घडलं नाही. दार नीट लागतं आता. फोन आला नाही. निळ्या डागावरून जाताना पाय टाकत नाही, वळसा घालून जाते.

तारीख २४, रविवार

सकाळी दारावर थाप. इतकी हळू की मला वाटलं वारा. उघडलं तर भोंगा. कर्णा नव्हता. बगलेत कागदाची पिशवी.

"काय रे?" मी म्हटलं.

त्याने पिशवीतून आपली जर्सी काढली. जुनी, कोपरांवर विरलेली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कॉलरच्या आत… हिरवी फुली. घालाल?"

मी हात पुढे केला. त्याने जर्सी दिली, पण सोडेना.

"आजी," तो म्हणाला, "फक्त फुली. धुवायची नाही."

"नाही धुणार."

"खळ नाही."

"नाही रे बाबा."

तेव्हा सोडली. मागे जिन्यात बघितलं तर सुतार उभा, जर्सी हातात. त्याच्या खाली आणखी कुणीकुणी, दोनतीन तर उत्तर स्टँडचे चेहरे वाटले. आणि सगळ्यांच्या शेवटी, पाठीवर ढोल अडकल्यामुळे जिन्याचं वळण घेता येत नाही म्हणून चिडलेली, माझी छकुली. हातात हिरव्या दोऱ्याची रिळं.

"बघत काय बसलीस?" ती खालूनच म्हणाली. "चष्मा लाव."

आता दारात पुन्हा बूट पडलेत. मी खिडकीशी बसून फुल्या घालतेय, मध्येच हे लिहितेय. भोंग्याच्या जर्सीला घामाचा असा वास मारतोय की डोळ्यांतून पाणी येतं. पण मिठाचा डबा मी फळीवरच ठेवलाय.